कूटभेदक स्त्रिया आणि ऐतिहासिक कादंबरी : काही प्रश्न

१

इतिहासाने ज्यांची उपेक्षा केली त्यांना ऐतिहासिक कादंबरीने न्याय द्यावा, ही अपेक्षा मराठी वाचकाला नवी नाही. 'राऊ' (१९७२) आणि 'छावा' (१९७९) या कादंबऱ्यांचे जे स्वागत झाले त्यामागे, बखरींनी व लोकापवादाने डागाळलेल्या व्यक्तींना लेखकाने पुन्हा उजळ माथ्याने उभे केले, ही भावना मोठ्या प्रमाणावर होती. स्त्रीवादी समीक्षेच्या प्रसारानंतर या अपेक्षेला निराळा आशय प्राप्त झाला. उपेक्षित म्हणजे केवळ बदनाम झालेला राजपुरुष नव्हे, तर जिला इतिहासाच्या नोंदीत स्थानच मिळाले नाही अशी स्त्री, हे सूत्र आता पदव्युत्तर वर्गांतही सहजपणे मांडले जाते. सूत्र योग्यच आहे. मात्र कादंबरीने 'न्याय' द्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याची चिकित्सा त्याबरोबर होतेच असे नाही. स्त्रीला नायिका केले की न्याय झाला, अशी एक समजूत आपल्या चर्चेत नकळत रूढ होत चालली आहे.

ही समजूत एका मर्यादित क्षेत्रात तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते क्षेत्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या स्त्रियांविषयीची इंग्रजी कथात्म निर्मिती. संदेश तिऱ्हाइताला कळू नये अशा रीतीने लिहिण्याला येथे 'कूटलेखन' आणि किल्ली हाती नसताना त्याचा अर्थ लावण्याला 'कूटभेद' असे म्हटले आहे. या विषयावर गेल्या तीस वर्षांत कादंबऱ्या, चित्रपट व दूरदर्शन-मालिका लक्षणीय संख्येने निर्माण झाल्या. त्यांतील काही विद्यार्थ्यांच्याही परिचयाच्या आहेत. त्यांच्याविषयी माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या कलाकृती कूटभेदक स्त्रीला व्यक्ती म्हणून न्याय देतात, परंतु तो देत असताना तिच्या कामावर अन्याय करतात, आणि ज्या स्त्रियांची ओळख त्यांच्या कामाखेरीज अन्य कशाने इतिहासात शिल्लक राहिलेली नाही, त्यांच्या बाबतीत हा अन्याय लहान म्हणता येणार नाही.

२

प्रतिपादनाकडे वळण्यापूर्वी हे काम कोणत्या स्वरूपाचे होते ते पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशर परगण्यात ब्लेचली पार्क नावाचा एक जुना वाडा आहे. १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारची 'गव्हर्न्मेंट कोड अँड सायफर स्कूल' ही संस्था तेथे हलवण्यात आली. प्रारंभी तेथील माणसे काही शेकड्यांत मोजता येत होती. १९४५ च्या प्रारंभी वाडा आणि त्याच्याशी संलग्न असलेली केंद्रे मिळून सुमारे नऊ हजार माणसे काम करीत होती. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या.

जर्मन सैन्यदले आपले संदेश 'एनिग्मा' या यंत्राच्या साहाय्याने कूटबद्ध करीत. टंकलेखन यंत्रासारखा कळफलक, आत फिरणारी तीन चक्रे आणि पुढच्या बाजूस तारांनी जोडावयाची फळी, अशी या यंत्राची रचना होती. एक कळ दाबली की चक्र एक घर पुढे सरके. त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी दुसरेच अक्षर उजळे. यंत्र मांडण्याच्या संभाव्य रीतींची संख्या एकवीस अंकी होती आणि मांडणी दररोज बदलली जाई. या यंत्राचे कोडे प्रथम उलगडले ते १९३२ साली पोलंडमध्ये, मारियान रेयेव्स्की आणि त्याचे सहकारी गणिती यांनी. १९३९ च्या जुलै महिन्यात पोलंडने आपली ही सर्व विद्या ब्रिटन व फ्रान्स यांच्या हाती दिली आणि ब्लेचलीचे काम त्या पायावर उभे राहिले.

या कामाची साखळी लांब होती. देशभरातील श्रवणकेंद्रांत कानाला यंत्र लावून बसलेल्या मुली खरखरीतून येणारे मोर्सचे ठोके टिपून घेत. अर्थ लागणार नाही अशा अक्षरगटांचे कागदच्या कागद भरत. हे कागद ब्लेचलीला आले की त्यांची नोंद होई. मग कोणीतरी असा तर्क करी की अमुक केंद्रावरून अमुक वेळी येणाऱ्या संदेशात हवामानाविषयीचा शब्द असलाच पाहिजे. त्या तर्कावरून एक आराखडा तयार होई आणि तो 'बॉम्ब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राकडे जाई. ॲलन ट्युरिंग व गॉर्डन वेल्चमन यांच्या कल्पनेतून सिद्ध झालेले हे यंत्र सुमारे एक टन वजनाचे होते. युद्धाच्या काळात अशी दोनशेहून अधिक यंत्रे तयार झाली. त्यांवर राबणाऱ्या, नौदलाच्या महिला शाखेतील 'रेन' तरुणींची संख्या अखेरीस सुमारे सतराशे झाली होती. चक्रे बसवावयाची, मागच्या बाजूच्या तारा आराखड्याप्रमाणे जोडावयाच्या, चक्रांमधील तारांचे बारीक केस चिमट्याने सरळ करावयाचे आणि यंत्र थांबले की आकडे टिपून घ्यावयाचे, हे काम आठ तासांच्या पाळीत, बहुतांशी उभ्याने, यंत्रांच्या खडखडाटात चाले. मांडणी सापडली की दुसऱ्या खोलीतील मुली त्या दिवसाचे संदेश टंकित करीत. तिसऱ्या ठिकाणी भाषांतर होई. चौथ्या ठिकाणी प्रत्येक नाव, जहाज, पलटण यांची पत्रिका लिहून ती खणात लावली जाई.

या साखळीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे की, यातील बहुतेक स्त्रियांना आपल्या हातातील दुव्यापलीकडचे काही ठाऊक नव्हते. शेजारच्या खोलीत काय चालते हे विचारावयाचे नाही, असा दंडक होता. आपण टिपलेल्या आकड्याचे पुढे काय झाले, हे यंत्रावरील मुलीला सहसा कळत नसे. दुसरे वैशिष्ट्य असे की, या श्रमाचा फार मोठा भाग निष्फळ जाई. १९४२ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्यांच्या यंत्रात चौथे चक्र आले आणि डिसेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, अटलांटिकमधील पाणबुड्यांचे संदेश वाचणे जवळजवळ अशक्य झाले. कामाच्या पाळ्या मात्र त्या दहा महिन्यांतही भरतच होत्या.

प्रतिभेचे क्षण या कामात नव्हते, असे मुळीच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जर्मन शिकत असलेली मॅव्हिस लिव्हर १९४० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्लेचलीत आली आणि डिली नॉक्स या ज्येष्ठ कूटभेदकाच्या हाताखाली काम करू लागली. एकदा इटलीच्या नौदलाचा एक लांबलचक संदेश तिच्यासमोर आला आणि त्यात 'एल' हे अक्षर एकदाही नाही, हे तिच्या लक्षात आले. एनिग्मा यंत्रात कोणतेही अक्षर स्वतःच्या रूपाने कधीच उमटत नाही. यावरून तिने ताडले की, पाठवणाऱ्याने चाचणीसाठी पोकळ संदेश धाडताना आळसाने सर्व वेळ 'एल'ची कळ दाबली आहे. एवढ्या दुव्यावरून यंत्राच्या अंतर्रचनेकडे जाणारी वाट सापडली. मार्च १९४१ मध्ये तिने व तिच्या सहकाऱ्यांनी उकललेल्या संदेशांमुळे इटालियन आरमाराची चाल आधीच कळली आणि मातापान भूशिराजवळ ब्रिटिश आरमाराने मोठा विजय मिळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस नॉक्सच्या विभागाने जर्मन हेरखात्याच्या यंत्राचे कोडे सोडवले. त्यात मॅव्हिस लिव्हर व मार्गारेट रॉक या दोघींचा प्रमुख वाटा होता. परंतु हा प्रतिभेचा क्षण कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. संदेशात जे आहे ते वाचणे आणि जे नाही ते दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधते ती अशा कागदांवरून रोज, तासन् तास नजर फिरवून तयार झालेल्या सवयीने. ही प्रतिभा कंटाळ्याच्या शेतात उगवलेली आहे.

३

असे असताना या स्त्रिया इतक्या दीर्घ काळ अज्ञात का राहिल्या, याचे एक उत्तर पुरुषी उपेक्षा हे आहे. जोन क्लार्क हिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. केंब्रिजमध्ये तिने गणितात सर्वोच्च श्रेणी मिळवली. मात्र केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी देऊ लागले ते १९४८ साली. ब्लेचलीत नौदलाच्या कूटसंदेशांवर काम करणाऱ्या विभागात तिची गुणवत्ता उघड झाली, तेव्हा स्त्री कूटभेदकाला वरची श्रेणी देण्याची तरतूद नियमांत नव्हती. तोड अशी काढण्यात आली की तिला 'भाषातज्ज्ञ' या श्रेणीत घालण्यात आले. पुढे एका प्रपत्रात तिने श्रेणीच्या रकान्यात 'भाषातज्ज्ञ' आणि अवगत भाषांच्या रकान्यात 'एकही नाही' असे आनंदाने लिहिले. १९४४ साली ती त्या विभागाची उपप्रमुख झाली.

मात्र उपेक्षा हे एकच कारण पुरेसे नाही. अधिक मूलभूत कारण होते मौनाचे. प्रत्येकीने गोपनीयतेच्या कायद्याखाली सही केलेली होती. युद्ध संपले, संस्थेची पांगापांग झाली. 'कोलोसस' या विद्युत्-गणकयंत्रांपैकी बहुतेक मोडून टाकण्यात आली. स्त्रिया आपापल्या घरी परतल्या आणि आईवडिलांनी, पतीने, पुढे मुलांनी विचारले तेव्हा 'कचेरीत काम होते' एवढेच सांगत राहिल्या. १९७४ साली एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांचे 'द अल्ट्रा सीक्रेट' प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये हे रहस्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आले. तोपर्यंत अनेकींचे आईवडील निवर्तले होते. हयात कूटभेदकांना सरकारने स्मृतिचिन्ह दिले ते २००९ साली.

या मौनाचे स्वरूप मराठीच्या अभ्यासकाला अगदीच अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते अनेक शतके अज्ञात राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची उकल केली तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. मराठीतील आद्य कवयित्री महदंबा आपल्याला मिळाली तीही त्यानंतरच. दोन प्रसंगांत भेद पुष्कळ आहेत. एका ठिकाणी श्रद्धेने ग्रंथ झाकला, दुसऱ्या ठिकाणी राज्यसत्तेने तोंडे बंद केली. परंतु साम्य एका मुद्द्यापुरते आहे आणि ते महत्त्वाचे आहे. लिपी उकलली की काम संपत नाही, वाचनाला प्रारंभ होतो. महानुभावांचे गद्य त्याच्या स्वतःच्या रीतीने वाचावयास आपल्याला लिपीच्या उकलीनंतर आणखी बराच काळ लागला. कूटभेदक स्त्रियांच्या बाबतीतही गुपित फुटले आहे. त्यांचे वाचन मात्र अद्याप व्हावयाचे आहे.

येथेच कादंबरीचा अधिकार सिद्ध होतो. दप्तरात यंत्रांची संख्या मिळते, पाळ्यांची वेळापत्रके मिळतात, उकललेले संदेश मिळतात. तीस वर्षे पतीशेजारी झोपून एक गोष्ट न सांगणे म्हणजे काय, हे दप्तरात मिळत नाही. जे दप्तरात नाही पण घडले आहे, तेथे जाण्याचा परवाना कादंबरीला आहे आणि तो इतिहासकारानेही मान्य केला पाहिजे. प्रश्न परवान्याचा नाही. त्याचा उपयोग कशासाठी केला गेला, याचा आहे.

४

या दृष्टीने तीन कलाकृतींचा विचार करू. 'द इमिटेशन गेम' (२०१४) या चित्रपटात जोन क्लार्क ब्लेचलीत येते ती वृत्तपत्रातील शब्दकोडे सोडवून. परीक्षेच्या दालनात तिला टंकलेखिका समजून अडवले जाते आणि मग ती सर्व पुरुषांच्या आधी कोडे सोडवून दाखवते. प्रसंग परिणामकारक आहे. टाळ्या घेणारा आहे. प्रत्यक्षात तिची निवड केली ती केंब्रिजमध्ये तिला भूमिती शिकवणाऱ्या गॉर्डन वेल्चमन यांनी. हा फरक केवळ तपशिलाचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दकोड्याचा प्रसंग आणताना चित्रपटाने काय गमावले? एका मुलीने पुरुषांच्या विद्यापीठात, पदवी मिळणार नाही हे ठाऊक असताना, वर्षानुवर्षे केलेला गणिताचा अभ्यास गमावला. जे अध्ययन होते ते चमत्कार झाले. ब्लेचलीत आल्यावर प्रथम तिला कारकुनी करणाऱ्या मुलींबरोबर बसवण्यात आले होते आणि तेथून ती वर गेली, ही वाटचालही त्याबरोबर गेली. शेष राहिली ती नायकाला समजून घेणारी बुद्धिमान सखी.

रॉबर्ट हॅरिस यांची 'एनिग्मा' (१९९५) ही कादंबरी याहून पुष्कळ विचारपूर्वक लिहिलेली आहे. ती १९४३ च्या मार्च महिन्यात घडते. नायक टॉम जेरिको हा गणिती आहे; क्लेअर रोमिली ही नाहीशी झालेली प्रेयसी आणि हेस्टर वॉलेस ही तिच्याबरोबर राहणारी, विद्वत्ता असून दुय्यम कामात अडकवलेली स्त्री. आपल्या बुद्धीचा येथे अपव्यय होतो आहे, ही हेस्टरची चीड लेखकाने सहानुभूतीने रेखाटली आहे. प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो, या ब्लेचलीच्या वास्तवाचा हॅरिस यांनी कथानकाच्या रचनेतच उपयोग करून घेतला आहे : संदेशांचा एक गठ्ठा नाहीसा होतो आणि तो कशाविषयी होता हे कोणालाच सांगता येत नाही. असे असूनही या तुकड्यांना जोडणारी शक्ती म्हणून लेखकाला रहस्यकथेचा आश्रय घ्यावा लागतो. हेस्टर महत्त्वाची ठरते ती आपले नेमून दिलेले काम सोडून शोधाला निघते तेव्हा. जोपर्यंत ती मेजाशी बसलेली आहे तोपर्यंत कादंबरीला तिच्याशी कर्तव्य नाही.

केट क्विन यांची 'द रोज कोड' (२०२१) ही या प्रकारातील बहुधा सर्वाधिक वाचली गेलेली अलीकडची कादंबरी. तिच्यात ओस्ला, मॅब आणि बेथ या तीन भिन्न वर्गांतील मैत्रिणी आहेत. ओस्ला भाषांतराच्या कामात आहे, मॅब यंत्रांवर राबते, बेथ कूटे उकलते. कामाची साखळी तीन व्यक्तींत वाटून दाखवण्याची ही योजना निश्चितच स्तुत्य आहे आणि लंडनच्या गरीब वस्तीतून आलेल्या मॅबचे चित्रण करताना लेखिकेने श्रमाचा शीण दृष्टिआड केलेला नाही. बेथच्या पात्रावर मॅव्हिस लिव्हर हिच्या कामगिरीची छाया स्पष्ट दिसते. १९४७ साली ही बेथ मनोरुग्णालयात डांबलेली आहे आणि ती जे सांगू पाहते ते कोणी ऐकून घेत नाही. मौनाच्या शपथेचे हे रूपक समर्थ आहे. परंतु तेथवर पोहोचल्यावर कादंबरी वळते ती एका फितुराच्या शोधाकडे. मौन हा जो प्रश्न होता तो रहस्य होतो, आणि रहस्याला उत्तर असते. खऱ्या मौनाला उत्तर नव्हते. त्या स्त्रियांना गप्प बसवणारा कोणी खलपुरुष नव्हता. त्या स्वेच्छेने, अभिमानाने आणि कधी कधी आतून कुढत गप्प राहिल्या होत्या. खलपुरुष पकडला की वाचकाचे समाधान होते. जिच्या आयुष्यात कोणीच पकडले जात नाही अशा स्त्रीचे काय, हा प्रश्न मात्र वाचकाच्या मनात उरत नाही.

'द ब्लेचली सर्कल' (२०१२) या मालिकेचाही येथे उल्लेख करावयास हवा. युद्धोत्तर काळात संसारात गुदमरणाऱ्या चार माजी कूटभेदक स्त्रिया एकत्र येऊन खुनांचा तपास लावतात, असे तिचे सूत्र आहे. आरंभीची घुसमट खरी आहे. तिच्यावरील उपाय मात्र कथाप्रकाराने पुरवलेला आहे.

या सर्वांत एक समान आकृतिबंध आढळतो. सामूहिक काम एका व्यक्तीच्या हाती येते, दीर्घ श्रम एका क्षणात आकसतो, आणि न कळण्याची अवस्था सर्व काही कळण्यात विरघळते. स्त्री नायिका होते. पण तिला ज्या साच्यात बसवले आहे तो एकाकी, असामान्य, सर्वांच्या विरोधात जाऊन विजयी होणाऱ्या पुरुष-नायकाचाच साचा आहे. साचा तोच ठेवून आतील व्यक्ती बदलणे याला प्रतिनिधित्व म्हणता येईल. दृष्टिकोनाचा बदल म्हणता येणार नाही.

५

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. आठ तास यंत्रासमोर उभी असलेली मुलगी शंभर पाने दाखवली तर ती वाचणार कोण? शिवाय या लोकप्रिय कलाकृतींमुळेच मॅव्हिस लिव्हर आणि जोन क्लार्क ही नावे हजारो वाचकांपर्यंत पोहोचली, हे नाकारून कसे चालेल?

आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. लोकप्रियतेचे हे श्रेय या कलाकृतींना दिलेच पाहिजे. पहिल्या भागाविषयी मात्र मतभेद नोंदवावासा वाटतो. कंटाळवाण्या कामाविषयीचे लेखन कंटाळवाणे असलेच पाहिजे, हे गृहीतक साहित्याच्या इतिहासाला धरून नाही. शेतीचे, जात्यावरचे, गिरणीतील काम मराठी साहित्याला वर्ज्य वाटलेले नाही. जात्यावरील ओवी तर त्या पुनरावृत्तीतूनच जन्मली. एकच कृती हजार वेळा करणाऱ्या मनात काय चालते, हा कादंबरीचा विषय होऊ शकतो. इतकेच नव्हे, तो विषय हाताळण्यास कादंबरीइतका समर्थ दुसरा वाङ्मयप्रकार नाही. दहा महिने एकही संदेश उकलत नसताना रोज पाळीवर जाणारी मुलगी कशाच्या बळावर जाते? आपण जोडलेल्या तारांमुळे काही घडते की नाही हे कधीच कळणार नसताना ती तार नीट जोडण्याची निष्ठा कोठून येते? हे प्रश्न रहस्यकथेतील फितुरापेक्षा कमी उत्कंठावर्धक आहेत असे मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा नैतिक आहे आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. मातापानच्या लढाईत इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर व दोन विनाशिका बुडाल्या आणि सुमारे २३०० इटालियन खलाशी मृत्युमुखी पडले. विजयानंतर ब्रिटिश नौसेनापती कनिंगहॅम आभार मानण्यासाठी नॉक्सच्या विभागात आले. त्या वेळी तेथील भिंतीला नुकतीच सफेदी दिलेली होती. मुलींनी खोडकरपणे त्यांना बोलता बोलता भिंतीशी रेटले आणि त्यांच्या गडद गणवेशाला चुना लागला, अशी आठवण मॅव्हिसने पुढे सांगितलेली आहे. पाठीला लागलेला चुना आणि समुद्रात बुडालेले २३०० जीव या दोन गोष्टी एकाच कामातून निष्पन्न झाल्या. एकोणीस वर्षांच्या मुली हसल्या यात काहीही गैर नाही. परंतु कादंबरीकाराने त्यांच्याबरोबर केवळ हसून पुढे जावे काय? ज्या कामाचा परिणाम करणाऱ्याला दिसत नाही त्या कामाची जबाबदारी कोणाची, हा विसाव्या शतकाने निर्माण केलेल्या नैतिक प्रश्नांपैकी एक मोठा प्रश्न आहे. कूटभेदाच्या साखळीत तो अत्यंत शुद्ध स्वरूपात उपस्थित होतो. स्त्रीला पूर्ण माणूस म्हणून इतिहासात आणावयाचे असेल तर तिच्या पराक्रमाबरोबर तिच्या कृतीचे ओझेही तिला द्यावे लागेल. ओझ्यावाचून दिलेला पराक्रम हा गौरव असतो. त्याला न्याय म्हणता येत नाही.

६

या विवेचनाचा मराठी अभ्यासकाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्याकडील ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा प्रामुख्याने सत्य आणि कल्पित यांच्या प्रमाणाभोवती फिरत राहिली. अमुक प्रसंग बखरीत आहे काय, अमुक पात्र तसे बोलले असते काय, हे प्रश्न आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. इतिहास कोणाच्या श्रमावर चालला आणि कादंबरीने त्या श्रमाला कोणते रूप दिले, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. 'स्वामी'तील रमाबाई आपण भावनेच्या अंगाने वाचतो. 'पानिपत'मधील (१९८८) उपासमारीची व लष्करामागच्या बाजारबुणग्यांची वर्णने आपण युद्धवर्णनाचा भाग म्हणून वाचतो. त्या छावणीत दळणकांडण कोण करीत होते, हा प्रश्न विचारून तीच कादंबरी पुन्हा वाचली तर ती निराळी दिसेल. संशोधनाच्या विषयांच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्यांना ही एक दिशा सुचवावीशी वाटते.

हा विषय भारतापासून फार दूरही नाही. ब्लेचलीशी संलग्न असे एक कूटभेद-केंद्र युद्धकाळात दिल्लीत आनंद पर्वतावर चालत होते आणि ब्रह्मदेशातील युद्धाच्या संदर्भात जपानी संदेशांची उकल तेथे होत असे. त्याच काळात, १९४२ साली, भारतात स्त्रियांचे सहायक सैन्यदल स्थापन झाले होते आणि भारतीय तरुणी त्यात दाखल झाल्या होत्या. वसाहतीतील स्त्रीने साम्राज्याच्या गणवेशात काम करावे आणि बाहेर 'चले जाव'ची चळवळ पेटलेली असावी, हा पेच कोणत्याही रहस्यकथेपेक्षा खोल आहे. तो हाताळू इच्छिणाऱ्या मराठी कादंबरीकाराने इंग्रजीतील तयार साचा उचलला तर त्याला एक शूर नायिका, एक फितूर आणि एक प्रेमप्रकरण मिळेल. त्याने कामापासून सुरुवात केली, म्हणजे ती रोज किती वाजता येत होती, तिच्या मेजावर काय होते, तिला काय सांगितले गेले नव्हते आणि घरी जाऊन ती काय बोलत नव्हती, येथून सुरुवात केली, तर त्याला कदाचित शूर नायिका मिळणार नाही. पण एक स्त्री मिळेल.

विस्मृत स्त्रीचे नाव पुन्हा उच्चारणे ही पहिली पायरी आहे आणि ती चढल्याबद्दल या कलाकृतींचे ऋण मान्य केले पाहिजे. मात्र ब्लेचलीतील हजारो स्त्रियांपैकी फार थोड्यांची नावे आपण उच्चारणार आहोत. उरलेल्यांना न्याय मिळण्याचा मार्ग नावातून जात नाही. त्यांनी केलेल्या कामाच्या प्रामाणिक वर्णनातून जातो. ते काम एकटीचे नव्हते, झगमगीत नव्हते, पुष्कळदा यशस्वीही नव्हते. ते तसेच ठेवून त्याचे मोल वाचकाला जाणवून देणे, ही ऐतिहासिक कादंबरीची खरी कसोटी आहे, असे मला वाटते.